पायथ्याचे शकीलभाऊ

शकीलभाऊ माणसाचं तोंड नंतर पाहायचे, आधी पाठ. जटपुरा गेटाजवळ त्यांचं गाड्यांची सीटकव्हरं आणि ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. आमच्या गिर्यारोहण मंडळात नाव घातलं की पाठपिशवीच्या मापासाठी पहिली वारी त्या दुकानाची. मी गेले तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मशीन थांबवून म्हणाले, "बाई, जरा पलटा." मी बावचळून वळले. नुसत्या नजरेनं माप घेऊन ते म्हणाले, "उजवा खांदा खाली हाय तुमचा. पर्स एकाच बाजूनं लटकवता. त्या अंगाचा पट्टा आखूड करा लागन."

आठवड्यानं पाठपिशवी मिळाली. कोळशाच्या ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीची. कितीही धुतली तरी पहिल्या दोनतीन मोहिमांना घामासोबत पाठ काळी व्हायची. मी ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. तिथल्या मैत्रिणी म्हणायच्या, "आठवडाभर कोळसा तपासतेस तो कमी पडते का, सुट्टीतही पाठीवर घेऊन हिंडतेस?" पण त्या पिशवीनं माझा खांदा कधी दुखला नाही.

मंडळाचे म्होरके शकीलभाऊच, पण चालायचे सगळ्यांच्या मागे. "पुढं चालणाऱ्याले रस्ता दिसते, मागच्याले माणसं दिसते," असं त्यांचं म्हणणं. मोहिमा काढायच्या त्या भर उन्हाळ्यात. लोक वेड्यात काढत, तर ते म्हणत, "पावसाळ्यात जंगल सगळं झाकून ठेवते. उन्हाळ्यात लपवाले काई नसते त्याच्यापाशी." कुणी ओझ्याची कुरकुर केली की थांबवून पट्टे आवळायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, "पिशवी जड नसते, बांधणी ढिली असते." वाट फुटली की तिथं चारदोन दगड एकावर एक रचून खूण करायची, म्हणजे मागचे चुकत नाहीत, हेही त्यांचंच शिकवणं. त्यामुळे रानात दगडांचा ढीग दिसला की आम्हाला हायसं वाटायचं, आपलं कुणी इथून गेलंय.

तीच सवय आम्हाला नडली. गडचिरोलीतल्या एका डोंगरावर आम्ही पहिल्यांदाच चाललो होतो. डोंगराचं नाव सांगत नाही, ते गाव उगाच कुणाच्या तोंडी नको. खिंडीपाशी आमच्यातल्या एका पोरीला ऊन लागलं, ती मटकन खालीच बसली. तिला भाताची पेज करून पाजायची म्हणून शकीलभाऊ धावले. चूल मांडायला दगड हवे होते. खिंडीच्या तोंडाशी मोठा ढीग होता. कुणा मंडळाची खूण असेल, असं समजून त्यांनी त्यातले तीन उचलले. पोरगी पेज पिऊन सावध झाली. आम्ही खूश.

वरून चारोळी वेचून येणाऱ्या बायांनी ती चूल पाहिली आणि डोक्यावरच्या टोपल्यांसकट जागच्या जागी थांबल्या. शकीलभाऊंनीच विचारलं, "बाई, काई चुकलं का?" त्यांतली एक म्हणाली, "तो पेनचा ढीग हाय." पेन म्हणजे त्यांचा देव. डोंगरावर जाणाऱ्यानं तिथं आपल्या हातानं एक गोटा ठेवायचा आणि मगच पुढं पाऊल टाकायचं, अशी तिथली रीत.

त्या दिवशी आम्ही वर गेलोच नाही. काजळी धरलेले तीन गोटे शकीलभाऊंनी आपल्या उपरण्यात बांधून छातीशी धरले आणि गावात आणले. देवाचं पाहणारे दसरूबाबा मोहाखाली बसले होते. शकीलभाऊ म्हणाले, "बाबा, मीच उचलले. यायचं कोनतं काम नाई." यायचं म्हणजे आमचं. बाबांनी गोटे उलटेपालटे करून पाहिले. "कोनाचे हात लागले असन याले, कोन सांगन? ठेवणारे काई मरून बी गेले," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. शकीलभाऊंची मान खाली गेली ती मला अजून दिसते. नंतर बाबांनी स्वतः वर जाऊन गोटे जागच्या जागी ठेवले, मोहाच्या दारूची धार सोडली आणि खाली येऊन म्हणाले, "झालं."

बाबांसाठी झालं. शकीलभाऊंसाठी नाही.

पुढच्या उन्हाळ्यापासून आमची मोहीम नेमानं त्या गावाला जायची. पोरं घडली पाहिजेत तर याच डोंगरावर, असं त्यांचंच मत. पण स्वतः खाली मोहाच्या झाडाखाली बसायचे. गावातल्या बाया मोहफुलं वाळवायच्या ताडपत्र्या आणून देत, त्यांची भोकं शिवत बसायचे. आम्ही निघालो की एकेकाचे पट्टे तपासत, वर बघत आणि म्हणत, "खिंडीत गोटा ठेवजा. आपल्या हातानं." त्या डोंगराच्या माथ्यावरून काय दिसतं, हे संध्याकाळी पोरांकडून खोदूनखोदून विचारून घेत. प्राणहिता दिसते का, साग कुठवर हाय. ऐकताना चेहरा उपाशी माणसासारखा व्हायचा.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, किती दिवस लाज वागवाल? एकदा बाबांना विचारा, चला म्हणतील."

सुई न थांबवता ते म्हणाले, "माफी आपणच मागाची अन् आपणच घ्याची, असं नाई होत बाई. बोलावणं तिकडून आलं पाह्यजे. तोवर शरम पाठीले कसून बांधाची. लोंबती ठेवली का माणसाले पाडते."

मला ते वाक्य फार आवडलं. घरी येऊन चार जणांना ऐकवलंही. नवीन पोरं विचारत, भाऊ वर का येत नाहीत, तर आम्ही सांगायचो, गावानं त्यांना मनाई केली आहे. कुणी केली, केव्हा केली, आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. हळूहळू आमचाही त्यावर विश्वास बसला.

या हिवाळ्यात शकीलभाऊ गेले. छातीचं जुनं दुखणं होतं. उन्हाळ्यात मोहीम घेऊन मी गेले. मोहाखालची जागा रिकामी पाहून दसरूबाबांनी विचारलं, "पिशवीवाला कुठी हाय?"

मी सांगितलं. बाबांनी त्या जागेवरची वाळकी पानं हातानं बाजूला सारली. मग म्हणाले, "चांगला माणूस. गुडघ्यानं घात केला त्याचा."

"गुडघे चांगले होते त्यांचे, बाबा. आमच्यापेक्षा चांगले."

"मंग वरती काऊन नाई गेला कधी?"

मागून आमच्यातलाच एक जण चाचरत बोलला, "तुमची मनाई होती ना..."

"माही? मी तं त्याच दिवशी झालं म्हणलो होतो." बाबा आमच्याकडे आळीपाळीनं पाहत राहिले. "दर साली वाटे, आता येईन, आपला गोटा ठेवन. गुडघे दुखत असन म्हणून बोललो नाई. दुखऱ्या माणसाले कायले बोलावाचं?"

इतके उन्हाळे दोघं एकाच झाडाखाली बसले होते. एक बोलावण्याची वाट पाहत होता, दुसरा येण्याची. मधे आम्ही होतो, शिकलेसवरलेले, बोलघेवडे, आणि एकाच्याही तोंडून एक साधा प्रश्न निघाला नाही. शकीलभाऊंची लाज आम्हाला पाहायला, सांगायला बरी वाटत होती. आज ती आठवली की कुणाच्या नजरेला नजर देववत नाही.

निघताना मी पायवाटेवरचे दोन गोटे उचलले. बाबांनी पाहिलं.

"बाबा, एक भाऊंच्या नावानं ठेवू का?"

आमच्यापैकी कुणीतरी त्यांना काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी मान हलवली. "नाई बाई. ज्याचा त्यानंच ठेवाचा."

मी दुसरा गोटा होता तिथं ठेवला. पोरांना पुढं सोडलं, काळ्या पिशवीचे पट्टे आवळले आणि सगळ्यांच्या मागून चढायला लागले.