चार दवाखान्यांचे ड्रेसर

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, ड्रेसर आहेत. जखम धुणे, मलम लावणे व पट्टी बांधणे हे काम ते एकतीस वर्षे निष्ठेने करीत आले आहेत. त्यांनी बांधलेली पट्टी आपोआप सुटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या रस्त्यावर ओळीने चार दवाखाने होते. एका कंपनीने ते चारही विकत घेतले, परंतु पाट्या पूर्वीच्याच ठेवल्या. ड्रेसर मात्र भावोजी एकटेच उरले. त्यांना निळा, हिरवा, पिवळा व करडा असे चार कोट देण्यात आले. मागच्या बोळातून ते कोट बदलत ये-जा करीत. तोंडावर मास्क असल्यामुळे कोणी ओळखत नसे. एकदा एक आजोबा निळ्या कोटावर रागावून शेजारच्या दवाखान्यात गेले.

"तिकडचा ड्रेसर कसाई आहे हो नुसता!"

"तसा वाईट नाही तो, आजोबा," हिरव्या कोटातील भावोजी म्हणाले. "आज जरा घाईत असेल."

पुढे सरकारने दवाखान्यांमधील स्पर्धेचा अभ्यास सुरू केला. अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या व्यवस्थापकांनी भावोजींना बोलावून घेतले.

"साहेबांना चार ठिकाणी चार माणसं दिसली पाहिजेत. बाकीच्या तिघांना चांगलीच नावं ठेवा. स्पर्धा दिसली नाही, तर तुमची नोकरी गेलीच म्हणून समजा."

निवृत्तीस दोन वर्षे उरली होती. भावोजींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी रस्त्याने चालत होते व भावोजी बोळातून धावत होते. चारही दवाखान्यांतील ड्रेसरांना धाप लागते, अशी नोंद अधिकाऱ्यांनी केली. नंतर प्रत्येक ठिकाणी त्यांनी विचारले, "बाकीचे ड्रेसर कसे आहेत?"

येथे भावोजींची जीभ अडली. स्वतःच्या कामास नावे ठेवणे त्यांना जमेना. "तिघेही उत्तम आहेत," असे त्यांनी चारही कोटांत सांगितले.

महिन्याभराने चार नोटिसा आल्या. प्रतिस्पर्धी एकमेकांची एवढी स्तुती करतात, त्याअर्थी त्यांचे संगनमत असले पाहिजे, असा सरकारला संशय आला होता. चौघांनी एकाच वेळी चौकशीस हजर राहावे, असा आदेश होता.

"चार-चार ठिकाणी पुरतो हा माणूस," ताई म्हणाली, "आणि घरात खिळा ठोकायला सापडत नाही!"

चौकशीच्या खोलीत चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. भावोजी एकीवर बसले.

"बाकीचे तिघे कुठे आहेत?"

खरे बोलल्यास नोकरी जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. तरीही ते उभे राहिले.

"साहेब, ते तिघेही मीच."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ नियमांचे पुस्तक चाळले. "एकट्याला संगनमत करता येत नाही. तुम्ही निर्दोष आहात. पण मग स्पर्धाही नाही."

कंपनीस तीन पाट्या उतरवाव्या लागल्या. सरकारी कागदांवर तिने ड्रेसर चार दाखवले होते, म्हणून तिघांना काढल्याचेही दाखवणे भाग पडले. भावोजींना बडतर्फीची तीन पत्रे आली. चौथ्या पत्राने करड्या कोटातील ड्रेसरची नोकरी कायम ठेवली व सहकारी गेल्यामुळे वाढलेले काम नेटाने सांभाळण्याची सूचना दिली.

त्या दिवशी भावोजी नीट जेवले नाहीत.

"अहो, नोकरी राहिली ना? मग तोंड का पाडलंय?" ताईने विचारले.

"राहिली गं," ते म्हणाले, "पण ते तिघेही कामाला चांगले होते."