मेणबत्तीवाली बाई आणि एकोडीची पब्लिक

चहा टाकलाच आहे तर सांगतो. पण आधीच बजावतो, हा किस्सा ऐकून माझ्याबद्दलचा तुमचा आदर कमी होईल. असला तर.

लाखनीच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेबाहेर मला दोनच नाद. एक भयकथा वाचायच्या आणि दुसरा नाटकाचे पडदे रंगवायचे. भयकथा म्हणजे पिंपळावरची हडळ वगैरे नव्हे हो! मला आवडते ती विलायती वळणाची भीती. ओसाड माळ, त्यावर काळा दगडी वाडा, टोकदार मनोरे, वर पूर्ण चंद्र आणि खिडकीत मेणबत्ती घेऊन उभी असलेली एक फिकट बाई.

पिढ्या बदलल्या, पण लोक त्याच वाड्यात त्याच बाईला घाबरायला पुन्हा पुन्हा जातात. पुस्तकात जातात, चित्रात जातात, सिनेमात जातात. का जातात? यावर मी तासभर बोलू शकतो. स्टाफरूममध्ये बोललोही आहे. मी सुरू झालो की लोक उठून वर्गावर जायचे. ज्यांचा तास नसायचा तेही जायचे.

माझं म्हणणं एवढंच की माणसाला घाबरायला आवडतं. फक्त पाठीला भिंत हवी आणि बाजूला ओळखीचं माणूस हवं.

तर हे ज्ञान मला जवळच्या एकोडी गावात वापरायचं होतं. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. एकोडीच्या मंडळाने त्या वर्षी भुताचं नाटक घेतलं. पडदा दरवर्षी माझाच असायचा. पण या खेपेला अध्यक्ष वासुदेवभाऊ मोबाइल पुढे करून म्हणाले, "सर, फ्लेक्स पाहा. ढग दिसते, वीज दिसते. हातचा पडदा आता कायले पाहिजे?"

एका गावाने फ्लेक्स आणला की शेजारचं गाव मागे राहत नाही. एकोडी गेली म्हणजे माझा ब्रशच गेला. मी भाऊंना भयकथेवर व्याख्यान द्यायला लागलो. ते उठून जाऊ शकत नव्हते, कारण घर त्यांचंच होतं. शेवटी कंटाळून म्हणाले, "रंगवा मग. पण पब्लिक घाबरली पाहिजे. नाही घाबरली तर पुढच्या सालापासून फ्लेक्स."

यात काय अवघड होतं? मला वाटलं, काहीच नाही.

माझी धाकटी बहीण सुमन एकोडीतच दिलेली. तिच्या अंगणात कापड पसरून मी आयुष्यभर वाचलेली सगळी भीती त्यावर ओतली. मनोरे काढले, चंद्र काढला, भिंतीवर रानटी वेली चढवल्या, छपरावर कावळे बसवले. खिडकीत पांढऱ्या झग्यातली, केस मोकळे सोडलेली, मेणबत्तीवाली बाई उभी केली. खोटं कशाला बोलू, रंगवताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

नाटकाच्या आदल्या दुपारी पडदा स्टेजवर टांगला. सुमन शेजारच्या बाया घेऊन आली. मी किंकाळ्या ऐकायला एका अंगाला उभा राहिलो.

बाया पडद्यासमोर येऊन थबकल्या. मला फार बरं वाटलं. मग सुमन म्हणाली, "दादा, हिच्या घरची लाइन गेली वाटते."

"मॅक्सी मस्त हाये पण," दुसरी म्हणाली.

झालं! तिथून सगळं घसरत गेलं. केस मोकळे म्हणजे बाई डोक्यावरून न्हायली आहे, हे सगळ्यांना पटलं. मनोऱ्याला त्यांनी पाण्याची टाकी ठरवलं आणि घरच्या घरी एवढी उंच टाकी असल्याबद्दल बाईचा हेवा केला. माझ्या रानटी वेलीत एकीने वाल ओळखला, दुसरीने दोडका, आणि त्यावरून दोघींची जुंपली. कावळे पाहून तर निकालच लागला. छपरावर इतके कावळे ओरडतात म्हणजे पाहुणे येणार. म्हणून ती बिचारी दिवा घेऊन वाट पाहते आहे!

शहाण्या माणसाने इथे विचार केला असता की विलायतेत जे घर पाहून अंगावर काटा येतो, ते घर इथे हवंहवंसं का वाटावं? पक्कं दगडी बांधकाम, एवढ्या खोल्या, गळती नाही. शिवाय खरंखुरं घाबरायला माणूस आधी एकटा असावा लागतो. एकोडीत कोण कोणाला एकटं राहू देतं?

पण हा विचार मला आज सुचतो. तेव्हा मला राग आला. म्हटलं, थांबा, दाखवतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन स्टेजवर चढलो. दाराशी मुडदा ठेवायची लांबलचक पेटी काढली, झाकण अर्धं उघडं. खालच्या खिडकीत माणसाचा अख्खा सांगाडा उभा केला.

सुमन पेटीकडे बघून म्हणाली, आमच्याकडे एवढी पेटी असती तर उंदरांनी धान खाल्लं नसतं. सांगाडा दिसताच बाया एकमेकींना खेटल्या. माझी आशा परत जागी झाली.

"डाक्टरचं घर हाये हे," सुमन बाकीच्या बायांना म्हणाली. "डाक्टर दवाखान्यातून आले नाही अजून. म्हणून बाई दिवा घेऊन उभी हाये."

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. पडद्यावर डॉक्टरचं घर आहे, हे लेकराबाळांनाही कळलं. माहीत नव्हतं ते फक्त नाटकाच्या लेखकाला.

नाटकाचं मग काय सांगायचं? नायक म्हणाला, "या घरात एक क्षणही थांबायचं नाही!" तर बायांच्या बाजूने विचारणा झाली, काहून सोडता जी एवढं घर? पुढे पांढऱ्या साडीत भूत आलं. त्याला विकट हसायचं होतं. तेवढ्यात माझ्याच सुमनने विचारलं, "बाई, डाक्टर आले नाही का अजून?"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. भूतही हसलं, पण विकट नाही, अगदी घरगुती. ते काही केल्या थांबेना, पदर तोंडाला लावून विंगेत गेलं.

वासुदेवभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हसतच म्हणाले, "सर, नाटक जोरात झालं. पुढच्या सालापासून फ्लेक्स." मला फार वाईट वाटलं. सुमनशी मी बरेच दिवस धड बोललो नाही.

पडदा मंडळाने लाखनीच्या एका मंडपवाल्याला देऊन टाकला. मी म्हटलं, चला, सुटलो. कसला सुटतो? त्याने तो लग्नाच्या स्टेजवर नवरानवरीच्या मागे लावला! आणि लोकांना तो इतका आवडला की "डाक्टरवाला पडदा" असं नाव घेऊन मागणी येऊ लागली.

पुढच्या उन्हाळ्यात सुमनच्या मुलीचं, रंजूचं लग्न निघालं. सुमनने हट्टच धरला, पडदा लागेल तर माझ्या दादाच्या हातचा. माझा राग तिथेच वितळला. बहीण शेवटी बहीण असते हो.

अक्षता पडल्या आणि मामा म्हणून मला फोटोसाठी स्टेजवर बोलावलं. मी नवरीच्या मागे उभा राहिलो आणि सहज मान वळवून पडद्याकडे बघितलं.

मनोऱ्यांवर फुगे होते. खिडक्यांतून लायटिंग लुकलुकत होतं. सांगाड्यावर थर्माकोलचा गणपती चिकटवला होता. आणि माझी ती फिकट, शापित, मेणबत्तीवाली बाई? मंडपवाल्याने तिला कुंकू लावलं होतं, हातात हिरवा चुडा आणि गळ्यात मंगळसूत्र काढलं होतं. मेणबत्तीखाली आरतीचं ताट आलं होतं. ओठ लालभडक करून, माझ्या खांद्यामागून ती माझ्याकडे बघून हसत होती.

कपाळाला दरदरून घाम फुटला.

"मामाजी," फोटोग्राफर म्हणाला, "जरा हासा ना. सारे हासून राहिले. एकटे तुम्हीच भूत पाहिल्यासारखे काहून उभे हाय?"

त्या पडद्याला एकोडीत कोणी घाबरलंच नाही असं वासुदेवभाऊ अजून म्हणतात. खोटं आहे. सुमनच्या बैठकीत लग्नातला माझा तो फोटो लावलाय, जाऊन बघा.