कठड्यावरचा लाल टॉवेल

हमीदचाचा गेले त्याला आज वर्ष झालं, आणि मी त्यांना अजून सॉरी म्हटलेलं नाही.

दिवसातून पन्नासदा सॉरी म्हणायचाच पगार घेते मी.

परदेशी कंपनीचा कस्टमर सपोर्ट, जळगावातल्या आमच्या मेहरूणच्या घरातून. दुपारी मनिलाची टीम लॉगआउट करते, मग मी बसते, माझ्यानंतर मेक्सिकोवाले.
कुणाच्या कॉफी मशीनला फेस येत नाही, कुणाची वॉरंटी संपलेली असते. सगळ्यांना सॉरी.

आम्ही वर राहतो. खाली हमीदचाचांचं कूलर बनवायचं दुकान.
म्हणजे दिवसभर पत्रा आणि हातोडा.

नोकरीला दोन महिने झाले होते, प्रोबेशन चालू होतं. कॉल रेकॉर्ड होतात. मॅनेजरचे दोन मेल येऊन गेले होते की मागे बांधकामाचा आवाज येतो, तिसऱ्यांदा आला तर कन्फर्म करता येणार नाही.
बाबा गेल्यापासून घर माझ्या एकटीच्या पगारावर. मी तरातरा खाली उतरले आणि भर दुकानात चाचांवर ओरडले.

"तुमच्या ठोकाठोकीने माझी नोकरी जाईल!"

चाचा मूळचे धुळ्याचे. सगळं आयुष्य जळगावात काढलं तरी अहिराणी सुटली नव्हती. हातोडा खाली ठेवून शांतपणे म्हणाले,
"मनं पोट बी यानावरच शे ना, बेटी."

मी तशीच मागे फिरले. वर येऊन रडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच खालून हाक मारली.
"तुना फोन चालू व्हई तवय कठडावर काहीतरी लाल टांग. माले दिसनं का मी हातोडा खाले ठेवसू."

घरात लाल असा एकच टॉवेल होता. तोच टांगला.

टॉवेल दिसला की चाचा गवत भरायचे, वायरिंग करायचे, रंग मारायचे. टॉवेल काढला की ठोकायचे. माझी शिफ्ट दुपारची, म्हणून पत्र्याचं काम त्यांनी सगळं सकाळवर नेलं.
ह्या वयात पहाटे उठून दुकान उघडायला लागले. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

माझं बोलणं कधीकधी खाली ऐकू जायचं. एकदा विचारलं, "कॉफीवर फेस नही ऊना म्हनीसन माणूस इतला चिडस?"
मग स्वतःच एका चिडलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "सॉरी फॉर इनकन्व्हिनियन्स, भाऊ." गिऱ्हाईक भांडायचंच विसरलं.

मी कन्फर्म झाले. पेढे आधी खाली दिले, मग देवापुढे ठेवले. आई रागावली.
टीमच्या चॅटवर चाचा 'अंकल' झाले. मनिलाची टीम लीड हँडओव्हर देताना हमखास विचारायची, "हाऊ इज अंकल टुडे?"

आता ज्यांच्यासाठी सॉरी म्हणायचं राहिलं, ते दोन दिवस.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. ऐन सीझन. मावसबहिणीच्या साखरपुड्याला आई आणि मी पहूरला गेलो. मी सुट्टी टाकलेली, भलत्याच खुशीत होते.
टॉवेल कठड्यावर तसाच राहिला.

आमचा जिना मागच्या बोळात, कुलूप पुढून दिसत नाही. पुढून फक्त कठडा दिसतो.

तिसऱ्या दिवशी परत आले तर चाचांचा मुलगा सलीम दारातच होता. म्हणाला, "ताई, अब्बांनी दोन दिवस पत्रा हातगाडीवर टाकून तलावाकडे नेला. तिथे झाडाखाली बसून ठोकला."

एप्रिलमधलं जळगावचं ऊन. पासष्ट वर्षांचा माणूस.

"अरे, मला एक फोन करायचा ना!"
"मी म्हटलं त्यांना. तर म्हणे, ती फोनवर शे, तिना फोनमां आपला फोन कसा लावू?"

मी आत गेले. चाचांचे हात, मान, सगळं रापलेलं. मला बघून हसले.
"माले वाटनं, बठ्ठा जगना फोन तुलेच ई राह्यनात."

सगळ्या जगाचे फोन, मला! मी सॉरी म्हणणार होते. तोंड उघडलं आणि मोबाईलवर शिफ्टचा अलार्म वाजला.
"पळ, पळ," चाचा म्हणाले.
मी पळाले. वर जाऊन पहिल्याच कॉलला कुण्या अनोळखी माणसाला तीनदा सॉरी म्हटलं.

मग राहूनच गेलं. रोज भेटणाऱ्या माणसाला काय, उद्या म्हणू.

पुढच्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधीच चाचा गेले. हार्ट. डॉक्टर म्हणाले, जुनंच दुखणं होतं. त्या उन्हाचा काही संबंध नाही हे मला समजतं. तरी ते ऊन माझ्या डोक्यातून जात नाही.

सुट्टीच्या फॉर्मवर नातं विचारतात. यादीत आई, वडील, नवरा, मुलं. मी 'इतर' निवडलं आणि जनाजा निघाला तेव्हा दुकानासमोर उभी राहिले.

दुकान आता सलीम बघतो. टॉवेलचा नियम त्यानेही पाळला, वर्षभर.

आज दुपारी मी टॉवेल टांगला नाही.

खालून सलीमची हाक आली, "ताई, टॉवेल राहिला!"
"राहू दे. तू ठोक."
"कॉल नाही का?"
"आहे. तू ठोक रे."

आयर्लंडच्या एक बाई होत्या लाइनवर. त्यांनी विचारलं, हा कसला आवाज?
मी म्हटलं, माझ्या चाचांचं दुकान आहे, सीझन जवळ आलाय. त्या "ओह, लव्हली" म्हणाल्या आणि परत त्यांच्या मशीनकडे वळल्या.

मेल येईल कदाचित. येऊ दे.

चाचा, सॉरी.
त्या दोन दिवसांसाठी. त्या उन्हासाठी. पहिल्या दिवशी ओरडले त्यासाठीही.

तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बेटीचा सलाम घ्या.