पाणीवाल्या बाई

दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक आईला आमच्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "लेकरानं पाणी केव्हा पिलं?" ताप असो, खोकला असो, आधी पाणी. हातात कायम पितळी लोटा. बालाघाटात त्यांचं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. पाणीवाल्या बाई म्हटलं की टांगेवाला बरोबर दारात उतरवी.

त्या आल्या साठ सालानंतर कधीतरी. तोवर त्या दवाखान्यात आजारी लेकरं मोठ्यांच्याच खाटांवर पडत आणि मोठ्यांच्याच सुया सोसत. बाईंनी वरच्यांचं डोकं खाऊन मागची कोठीची खोली रिकामी करून घेतली, सुताराकडून बुटक्या खाटा करवल्या, नागपूरहून बारीक सुया आणवल्या. लोक हसत. बाईंचं उत्तर एकच, "लेकरू म्हंजे लहान केलेला मोठा माणूस नव्हे. त्याचं दुखणं येगळं, तं दवाखानाही येगळाच पाहिजे."

माझी कमल तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिच्या हातापायांची बोटं सुजायची आणि ती अशी किंचाळायची की शेजारीपाजारी दारं लावून घेत. आमच्या कटंगी गावाकडे सूज म्हणजे अंगात पाणी भरलं, अशी समजूत. म्हणून सासूबाई तिचं पाणी तोडत, आणि तापवलेल्या विळ्याच्या टोकाने पोटावर डाग देत. गावात सगळ्याच घरांत ही रीत होती. कमलने मान टाकली तेव्हा आम्ही तिला बसने बालाघाटला आणलं.

बाईंनी ते डाग पाहिले. आता सासूबाईंची खैर नाही, असं मला वाटलं. पण बाई चमच्याचमच्याने पाणी पाजत एवढंच म्हणाल्या, "आजी, तुमची माया खोटी नाही. पण पाणी तोडल्यानंच हे वाढून राह्यलं."

कमलने डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, वर दुसरी काच झाकली आणि आम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मला गोल गोल टिकल्या दिसल्या. "पाहत राहा," बाई म्हणाल्या. हवा कोंडली तशा त्या टिकल्या माझ्या डोळ्यांदेखत लांबट होऊन वाकू लागल्या. सासूबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "हे तं इळे आहेत वं माय."

"हौ. हेच इळे नसांत अडकतात, म्हून दुखते. अंगात पाणी असलं तं कमी अडकतात."

मग त्यांनी माझं आणि कमलच्या बापाचंही रक्त पाहिलं. आजार आईबापांकडून, दोघांकडूनही येतो, यात दोष कोणाचाच नाही, हे त्यांनी सासूबाईंना समजावलं. घरात मला पांढऱ्या पायाची म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं.

बाई बैहरच्या जंगलातल्या गावांतही जीपने जात आणि लेकरांच्या रक्ताच्या काचा कापसात गुंडाळून नागपूरला नेत. कमलचंही रक्त पुन्हापुन्हा घेत. एकदा माझा तोल सुटला. पोरगी बरी होत नाही, मग तिचं रक्त घेऊन करता काय, असं मी तोंडावर विचारलं. बाई रागावल्या नाहीत. "आज मले हे बरं करता येत नाही. पण हिच्या थेंबानं जे कळंल, ते दुसऱ्या लेकराले कामी येईल."

ते दुसरं लेकरू माझ्याच घरात यायचं होतं. कमलच्या पाठच्या भावाची बोटं पहिल्यांदा सुजली तेव्हा सासूबाई चुलीकडे धावल्या, आणि मला तो तापवलेला विळाच आठवला. त्या परतल्या त्या उकळून निववलेलं पाणी घेऊन. बाळाला पाणी पाजतच आम्ही बालाघाट गाठलं.

पुढे बाईंची बदली झाली. निरोपाला आम्ही सगळे गेलो. कमलने भावाचा सदरा वर केला आणि म्हणाली, "बाई, याचं पोट पाहा."

त्या पोटावर एकही डाग नव्हता. बाई त्यावरून हात फिरवत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे मी प्रथमच भरलेले पाहिले. मग त्यांनी कमलला जवळ ओढलं.

"हे तुह्या थेंबानं झालं, बाई," त्या म्हणाल्या. कमलला त्यांनी बाई म्हटलं ते तेवढंच एकदा.