दुसऱ्या टाकीची हवा

दादाचा फोन आला तेव्हा मी सायवनच्या शाळेत वर्गावर होतो. "सुलभा गेली रे," एवढंच तो म्हणाला. हृदयविकाराचा झटका. वाणगावला दादाच्या कॉलनीत पोहोचलो, तर फाटकावर वहिनींचा फ्लेक्स आधीच लागलेला. खाली 'पर्यावरणप्रेमी' असं छापलेलं. लावला होता सोसायटीच्या सेक्रेटरींनी, ज्यांनी वहिनींचं हयातीतलं सगळ्यात मोठं काम बंद पाडलं त्यांनीच. काही आठवडे उलटले, पण तो फ्लेक्स आठवला की अजून डोकं तडकतं.

वहिनी डहाणूच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन इथे राहायला आल्या तेव्हा कॉलनीचं मोरी-संडासाचं पाणी तसंच मागच्या ओहोळात सुटत होतं आणि ओहोळ खालच्या पाड्याच्या भातशेतीतून जात होता. पाड्यावरच्या जमनाबाई दारावर भाजी विकायला यायच्या. एकदा त्यांनी लावणीच्या चिखलात उभं राहून पायांवर उठलेली खरूज दाखवली... त्या दिवसापासून वहिनी घरोघर फिरू लागल्या. लोक हसले, दारं लावून घेतली, पण शेवटी त्यांनी कॉलनीमागे दोन टाक्या बांधून घेतल्याच. मला हौसेने दाखवायला नेलं होतं. "भाऊजी, ही पहिली बंद टाकी. इथले जंतू हवेशिवाय जगतात, निम्मी घाण तेच संपवतात. उरलेली दुसऱ्या टाकीत. तिथल्यांना मात्र खालून हवा द्यावी लागते, नाहीतर ते गुदमरून मरतात. एकट्या कुणाच्यानं होत नाही हे काम." पहिल्या टाकीतून गढूळ निघालेलं पाणी दुसरीतून जवळजवळ नितळ बाहेर पडत होतं. जमनाबाईंनी त्या पाण्यावर वांगी लावली होती.

मग सेक्रेटरी बदलले. नव्यांना हवेच्या पंपाचा आवाज दुपारच्या झोपेत नको होता. आधी पंप दिवसा बंद, मग कायमचा, मग पंपाच्या खोलीला कुलूप. पाणी पुन्हा काळं झालं. वहिनी दर सभेत उठायच्या आणि दर वेळी त्यांना तेच ऐकवलं जायचं, "मॅडम, पाणी आपल्या आवारातून बाहेर जातंय ना, मग झालं." बाहेर म्हणजे कुणाच्या शेतात, हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. ही सगळी शिकलेली, पगारदार माणसं. विवळवेढ्याला देवीच्या पायऱ्या अनवाणी चढतात आणि घरी येऊन आपला मैला शेजाऱ्याच्या खाचरात सोडतात.

शोकसभेत सेक्रेटरींनी बागेला वहिनींचं नाव देण्याचा ठराव मांडला. मी उठून म्हणालो, "नाव नको. पंप चालू करा." कुणीतरी माझा हात धरून खाली बसवलं. म्हणे, ही वेळ नाही. मग कुठली वेळ होती? बाई जिवंत होती तेव्हाची?

त्यानंतरच्या आठवड्यात जमनाबाई आणि पाड्यावरच्या बायकांनी कॉलनीच्या नाल्याचं तोंड दगड-मातीने बुजवलं. सकाळी तळमजल्याच्या संडासांतून घाण उलटी वर आली, सगळ्यात आधी सेक्रेटरींच्या घरात. ते पोलिसांची भाषा करत धावत गेले. जमनाबाई बांधावर बसून होत्या. "ताई होती तवर तिच्याकडं बघून गप होतो," त्या म्हणाल्या. "आता कोणाकडं बघायचं?" दुपारच्या आत कुलूप निघालं, वायरमन आला, पंप सुरू झाला. मगच बायकांनी दगड काढले. जे वहिनींनी एवढी वर्षं हात जोडून मागितलं, ते घाण स्वतःच्या उंबऱ्यात येताच एका सकाळीत झालं. याचा आनंद मला होत नाही. रागच येतो.

परवा दादाकडे गेलो, तर तो पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून खाण्याच्या सोड्याने संडास घासत होता. ॲसिडने टाकीतले जंतू मरतात, म्हणून वहिनींनी त्याची बाटली घरात कधी येऊ दिली नव्हती. मी म्हटलं, "दादा, पंप इतके दिवस बंद होता. मेले असतील ते सगळे."

"आता हवा मिळतेय ना... येतील परत," तो मान वर न करता म्हणाला आणि घासत राहिला.

शेजारच्या फ्लॅटच्या खिडकीतून ॲसिडचा उग्र भपकारा येत होता.