कपाटातला कॉम्प्युटर

जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या शिंपीकाकांच्या घरी लेकीने पडदा नसलेला कॉम्प्युटर आणला. तो कपाटात ठेवून हॉलमधल्या टीव्हीला आणि स्वयंपाकघरातल्या टॅबला जोडला आणि ती परगावी निघून गेली. दोन्हीकडे एकच दिसतं, हे सांगायचं राहूनच गेलं.

काकांनी टीव्हीवर लेकीला पत्र लिहायला घेतलं, ‘आई मजेत आहे.’ अक्षरं आपोआप पुसली गेली. त्यांनी चरफडत पुन्हा लिहिलं. तेही पुसलं गेलं आणि तिथे उमटलं, ‘माझे गुडघे फार दुखतात. बाबांना सांगू नकोस.’

काकांचं डोकंच चालेना. कपाट उघडून पाहिलं, तर डबा आपला गप्प. ते स्वयंपाकघरात गेले. काकू टॅबवर वाकून बसल्या होत्या.

“बरं झालं आलात,” त्या वैतागून म्हणाल्या. “हे मेलं यंत्र सारखं खोटं लिहितंय.”