वलं द्या, कोरडं घ्या

ब्लँकेट हातात आलं की ती आधी गालाला लावायची. डोळे मिटून, मान कलती करून, तान्हं मूल जवळ घ्यावं तसं. मग म्हणायची, "न्हाई, वलं हाय अजून," आणि परत पसरून टाकायची. तेच ब्लँकेट मी हाताने चाचपून वाळलं म्हणून सांगितलेलं असायचं. चार बायकांसमोर ती मला सांगायची, "हात फसतो, बाई. गाल न्हाई फसत."

असा राग यायचा म्हणून सांगू! गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, हे मलाही कळतं. पण मला तिचा हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. तो बाजूला ठेवून तिच्याबद्दल बोलायला बसले, तर दोन ओळींत संपेल सगळं.

घोडेगावातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. चर्चही लहान, दोन्ही बाजूंची मिळून सोळा बाकं. मी शाळेतून रिटायर झालेली, भगिनी मंडळाची सेक्रेटरी, आणि चर्चची किल्ली माझ्याकडे. डोंगराच्या अंगाने झड लागली की आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. गारठा असा की घरात बसूनही अंगातला स्वेटर काढवत नाही. त्या दिवसांत एसटी स्टँडवर आणि बंद दुकानांच्या पत्र्याखाली काही माणसं झोपलेली असतात. कुणाला घर नाही, कुणाला घरात घेत नाहीत. पावसाळ्यात एका रविवारी त्यांना ब्लँकेटं वाटायची, ही माझी कल्पना. प्रार्थना, वाटप, फोटो. घरी येऊन चहा पिताना मला फार बरं वाटायचं.

ती आळे गावाकडची. सगळा जन्म एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात गेलेला, चादरी धुण्यात आणि वाळवण्यात. मागे कुणी नव्हतं. काम सुटल्यावर आमच्या गावात एक खोली घेऊन राहिली आणि रविवारी उपासनेला येऊ लागली. मंडळाच्या पहिल्याच मीटिंगला माझा वाटपाचा बेत तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "आन ती भिजल्यावर?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नव्हता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नवीन देऊच की. बायका हसल्या. ती हसली नाही.

वाटप झालं आणि चौथ्या दिवशी सकाळी ही बाई पोतं घेऊन चर्चच्या दारात हजर. पोत्यात आमचीच ब्लँकेटं, पाणी निथळणारी, कुबट वासाची. पाळकसाहेबांना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. मागच्या बाकांच्या पाठींवर तिनं ती पसरली, दोन शेगड्या पेटवल्या, पंखे लावले आणि दिवसभर उलटीपालटी करत बसली. तिचा हिशोब सोपा होता. वाटून उरलेली धरून माणशी दोन ब्लँकेटं, एक अंगावर आणि एक बाकावर. दिवेलागणीच्या आधी पोतं पाठीवर मारून ती स्टँडवर जायची आणि बोहारणीसारखी हाळी द्यायची, "वलं द्या, कोरडं घ्या." झड संपेपर्यंत रोज. आमचं काम एका रविवारचं होतं, हिचं सगळ्या पावसाळ्याचं.

रविवारी चर्चभर दमट वास. मागची बाकं अडलेली, त्यामुळे सगळ्यांना पुढे बसावं लागलं. पाळकसाहेब म्हणाले, ब्लँकेटांमुळे का होईना, आपली मंडळी पुढे बसायला शिकली. सगळे हसले. मग उपासनेतल्या संदेशात त्यांनी तिचंच उदाहरण दिलं. माझ्या वाटपाचं उदाहरण त्यांनी आजवर कधी दिलं नव्हतं. पुढच्या बाकावर बसून मी हसरा चेहरा करून ऐकत होते, आणि आतून नुसती जळत होते.

पण खरं पोटात दुखलं ते गंगूआजीमुळे. गंगूआजी स्टँडच्या भिंतीच्या आडोशाला राहते. घर पडलं तेव्हापासून तिथेच. कितीतरी वर्षं मी तिला दुपारी भाकरी-कालवण नेऊन देते. मला ती 'बाई' म्हणते. हिला पंधरा दिवसांत 'पोरी' म्हणायला लागली. एकदा मी डबा घेऊन गेले, तर आजी माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारते, "पोरगी न्हाई आली?" मी डबा ठेवला आणि निघाले. त्या दिवशी भाकरीला तूप लावलं होतं, तेही सांगितलं नाही.

तिला हे कळत नव्हतं असं नाही. एकदा शेगडीशी बसलेली असताना म्हणाली, बाई, तुमी ब्लँकेटं आणली नसती तर मी काय वाळवलं असतं? ती मनापासून बोलली होती. ती थोडी जरी मिजासखोर असती ना, तर मला किती सोपं गेलं असतं!

तिच्या दुसऱ्या पावसाळ्यात पुण्याहून पाहुणे पाळक येणार होते. म्हणून मी बाकांना पॉलिश करून घेतलं. ते बुधवारी झालं आणि हवा दमट असूनही शुक्रवारपर्यंत वाळलं. मी स्वतः पदर घासून बघितलं होतं. शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी पोतं घेऊन आली. पाऊस कोसळत होता. मी दार जेमतेम उघडलं आणि म्हटलं, आज जमणार नाही, पॉलिश ओलं आहे, ब्लँकेटं चिकटतील.

का म्हटलं? पाहुण्यांसमोर चर्च स्वच्छ दिसावं, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं म्हणजे एवढा एक रविवार मला तिच्या ब्लँकेटांशिवाय हवा होता. पाहुण्यांनी तिची चौकशी करायला नको होती.

तिनं पोतं दाराबाहेर ठेवलं, चपला काढल्या आणि आत आली. शेवटच्या बाकाशी वाकली. आणि त्या बाकाच्या पाठीला गाल लावला. डोळे मिटून, मान कलती करून, नेहमीसारखा.

तेवढ्यात पाळकसाहेब छत्री झटकत आले. पोतं बघून त्यांनी विचारलं, हे काय, आज वाळत नाही घालणार? ती सावकाश उभी राहिली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना म्हणाली, "न्हाई साहेब. बाई म्हंत्यात ते बरुबर हाय. पॉलिश वलं हाय."

पोतं उचलून ती पावसात गेली. ती सगळी ब्लँकेटं तिनं आपल्या एका खोलीत दोऱ्या बांधून वाळवली. खाली शेगडी, वर ब्लँकेटं आणि मधे ती. संध्याकाळी स्टँडवर हाळी ऐकू आली, पण नेहमीपेक्षा उशिरा. गंगूआजी तेवढा वेळ ओल्यात बसून होती. पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी चर्चच्या चकाकत्या बाकांचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं.

त्यानंतर तिला खोकला लागला, तो बरेच दिवस राहिला. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं, जुनंच होतं. त्या खोकल्याशी त्याचा काही संबंध नाही म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं. त्या शनिवारबद्दल ती कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. माझ्याशीसुद्धा नाही. मी माफी मागायला दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. भांडली असती तरी परवडलं असतं.

यंदा झड लागल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, आता कोण? किल्ली माझ्याकडेच होती. मी शेगड्या पेटवल्या. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा पोतं घेऊन स्टँडवर गेले. तिची हाळी मला काही देता येईना. आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा निघाला. तरी माणसं आली, आपापलं ओलं ब्लँकेट घेऊन. गंगूआजीच्या हातात मी तिचं वाळवलेलं ब्लँकेट दिलं. आजीनं ते उचललं आणि सरळ गालाला लावलं.

"वलं हाय," ती म्हणाली. "पोरीचं कधी वलं नसायचं."

मेलेल्या बाईचा पुन्हा हेवा वाटला. मी हाताने चाचपून बघितलं होतं निघताना, एकदा नाही, तीनदा. गालाला लावून मात्र बघितलं नव्हतं. ते तिचं होतं, ते मी करणार नव्हते. आता आजीच्या हातातून ब्लँकेट घेतलं आणि भर स्टँडवर, कंडक्टर बघत असताना, गालाला लावलं. डोळे आपोआप मिटले.

ओलं होतं. शिवणीपाशी, अगदी थोडं. गाल फसत नाही. त्या शनिवारीही तिचा फसला नव्हता.

आजीला माझी शाल दिली, ब्लँकेट खांद्यावर टाकलं आणि परत चर्चकडे निघाले.